कोऱ्या ताऱ्यांची वही

तिच्या पेनाचे टोपण काढून झाले होते, ते टेबलाच्या कडेशी उभे करून झाले होते, आणि आता पेनाचे टोक वहीतल्या एका रिकाम्या चौकोनावर, कागदापासून नखभर उंचीवर, अडून राहिले होते. बैठकीच्या त्या खोलीत चौघे जण होते आणि चौघांच्याही कपांतला चहा निवून त्यावर साय धरली होती. खिडकीबाहेर गवत कापण्याचे यंत्र फिरत होते. ते लांब गेले की खोलीतली शांतता खुर्ची ओढून आणखी जवळ येऊन बसे.

"ताई," अखेर घाईबुवा म्हणाला. लेख पाठवण्याची, गाडी पकडण्याची आणि दुसऱ्याचे वाक्य पुरे करण्याची त्याला सारखीच घाई, म्हणून सहकाऱ्यांनी दिलेले हे नाव. "सही करायचीय हो. मृत्युपत्र नाही लिहायचं."

संचालक हसले नाहीत, म्हणून तोही हसायचा थांबला.

टेबलाच्या पलीकडच्या टोकाला सर बसले होते. सर म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. कामाच्या जागी ती त्याला सर म्हणे आणि तो तिला, इतरांसारखाच, ताई. संध्याकाळी दोघे घराच्या वाटेला लागले की संस्थेच्या फाटकाशी तो पुन्हा दादा होई आणि ती ठकी. एकवीस वर्षे ते फाटक दिवसातून दोनदा त्यांचे नाते बदलत आले होते. आज दादा तिच्याकडे पाहत नव्हता. दवाखान्याच्या बाकावर बसलेला माणूस बंद दाराकडे पाहतो तसा तो समोरच्या कागदावरच्या एका आकड्याकडे पाहत होता.

आकडा होता सतरा.

"मला दोन दिवस हवेत," ती म्हणाली.

"कशाला?" घाईबुवा पुढे सरसावला. "कोरा तारा तपासून झालाय. शून्य आलंय. तुमच्याच अक्षरात लिहिलंय की शून्य!"

"म्हणूनच."

मग कागदावरची नजर न काढता दादा म्हणाला, "ताईंना दोन दिवस द्या. तीस वर्षं थांबलोय. दोन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय."

तिने टोपण लावले. ते बसल्याचा एवढासा आवाज, पण खोलीभर झाला.

सतरा हा आकडा ज्या ताऱ्याचा होता, तो कधीच मेला होता. एखाद्या शहराच्या पोटात मावेल एवढा गोळा, वजनाने सूर्याला भारी, आणि त्याच्या भोवतीचे चुंबकीय बळ असे, की पृथ्वीवरच्या कुठल्याही चुंबकाची त्याला उपमा देणे म्हणजे समुद्राला ओंजळीची उपमा देणे. न्यूट्रॉन तारा. थंडावत चाललेल्या निखाऱ्यासारखा त्याचा मंद उजेड शेकडो वर्षे चालून इथवर येई, आणि दहा रात्री दुर्बीण त्याच्याकडे रोखून ठेवली तेव्हा कुठे त्यातला मूठभर हाती लागे.

पोकळी म्हणजे रिकामी जागा नव्हे, हे थोरामोठ्यांनी फार पूर्वी सांगून ठेवले होते. तिच्यातही क्षणोक्षणी काही उमलते आणि नाहीसे होते; आणि प्रचंड चुंबकापाशी ही पोकळी स्फटिकासारखी वागू लागते, तिच्यातून जाणाऱ्या प्रकाशाच्या कंपनाला दिशा देते. हे दिसेल कुठे आणि किती, एवढेच दादाने मोजले होते, डोक्यावर भरघोस केस होते त्या काळात. त्याचे म्हणणे साधे होते. ताऱ्याच्या पृष्ठभागाचा प्रत्येक तुकडा आपापल्या दिशेने हलणारा प्रकाश सोडतो. भोवतालची जागा खरोखरच रिकामी असेल, तर वाटेत त्या साऱ्या दिशा एकमेकींना पुसून टाकतील आणि आपल्यापर्यंत शंभरात फार तर नऊ भाग शिस्तीत, म्हणजे एकाच दिशेने हलत, येतील. पण पोकळी जिवंत असेल, तर ती त्या कंपनांना चुंबकाच्या रेषांबरोबर वळवत वळवत दूरवर नेईल, जिथे साऱ्या रेषा एकमताने उभ्या असतात. आणि मग शिस्तीतला भाग पंधराच्या पुढे जाईल.

"म्हणजे कंगवा फिरवल्यासारखं," एकदा जेवताना त्याने वहिनीला समजावले होते. "चुंबक पोकळीवर कंगवा फिरवतो."

"तुमच्या टकलावर फिरत नाही तो पोकळीवर फिरतो, होय?" वहिनी म्हणाली होती, आणि त्या दिवसापासून घरात त्या सिद्धांताला कंगवाच म्हणत.

आता आकडा सतरा आला होता, अधिक-उणे तीन. नऊपासून चांगला दूर. महिनाअखेर दादा निवृत्त होणार होता, आणि त्याच आठवड्यात दुर्बिणीवरून हे जुने मापनयंत्रही उतरवून ठेवायचे ठरले होते. तारा पुन्हा मोजला जाणार नव्हता, निदान दादाच्या हयातीत तरी त्याच्या माणसांकडून नव्हे. जे होते ते हेच होते, आणि ते तिच्या सहीवाचून बाहेर जात नव्हते.

सहीचा हा दंडक संस्थेच्या पहिल्या संचालकांनी घालून दिला होता: ज्याचा आकडा, त्याची सही नाही. सही वही राखणाराची. वही होती कोऱ्या ताऱ्यांची. आकाशात काही तारे असे असतात की त्यांच्या प्रकाशाला कुठलीच दिशा नसते; यंत्रातून पाहिल्यावर त्यांचे माप शून्यच यायला हवे. आले नाही, तर खोटे यंत्र बोलते आहे असे समजायचे. एकवीस वर्षे ती हे कोरे तारे मोजत आली होती आणि त्यांची शून्ये वहीत लिहीत आली होती. प्रवासात एकदा शेजारच्या बाईने विचारले होते, तुम्ही नक्की करता तरी काय? "काही नाही," ती म्हणाली होती, "पण ते मी फार अचूक करते."

आपल्या खोलीत येऊन तिने दार लोटले आणि वही पुन्हा उघडली. पेन रकान्यावर टेकणार होते त्या क्षणी तिला जे दिसले होते, ते अजूनही तिथेच होते. चुका अशाच असतात. आपण नजर वळवली म्हणून त्या उठून जात नाहीत.

कोऱ्या ताऱ्याच्या नोंदीत तिने लिहिले होते: *पडद्याचे चित्र एक. चकती बाहेर.* दादाच्या ताऱ्याच्या नोंदीत लिहिले होते: *पडद्याची चित्रे आठ. चकतीच्या प्रत्येक कोनात एक.*

दुर्बिणीच्या घुमटात आतल्या बाजूला एक पांढरा पडदा टांगलेला असे, माणूसभर उंचीच्या चार फळ्या जोडून केलेला. दिवसा त्यावर दिवे सोडून त्याचे चित्र घ्यायचे. सगळा पडदा सारखा पांढरा. तेव्हा चित्रात जिथे जिथे कमीजास्त दिसेल तो कॅमेऱ्याचा दोष, आणि ताऱ्याच्या चित्रातून तो भागून काढायचा. नेहमीची रीत अशी, की कंपनाची दिशा ओळखण्यासाठी यंत्रात जी चकती फिरते ती बाहेर काढून पडद्याचे एकच चित्र घ्यायचे आणि तेच सगळीकडे वापरायचे. मग पडद्यात काही खोट असली तरी ती सगळ्या कोनांत सारखीच लागते आणि वजाबाकीत मरून जाते. एकवीस वर्षे तिने हेच केले होते. आणि या एका ताऱ्यासाठी, कोणी न सांगता, तिने आठ कोनांची आठ वेगळी चित्रे घेतली होती. चकतीवर धुळीचा एखादा कण असेल, तो तिच्याबरोबर फिरेल, तोही निघून जावा म्हणून. जास्तीची स्वच्छता म्हणून.

यात बिघडत काहीच नव्हते, पडद्यावरून येणारा प्रकाश दिशाहीन असेल तर. पडदा खडूसारखा मुका पांढरा असेल तर.

तो तसा आहे, हे ती धरून चालली होती. तपासून पाहिले नव्हते. कोऱ्या ताऱ्याला एकच चित्र लावले होते, तेव्हा त्याच्या शून्याने ही खोट उघडी पडणारच नव्हती.

घुमटात दिवसा जाणे म्हणजे झोपलेल्या जनावराच्या पोटात शिरणे. झडपा बंद, हवा थंड, वंगणाचा वास. तिने भिंतीवरचे बटण दाबले आणि पडद्यावर दिवा पडला.

पडद्यात दिवा दिसला. स्पष्ट नव्हे, साबणाच्या पाण्यात दिसावा तसा, पसरट, पण दिसला.

"या ताई, या!" खालून शिडीचा आवाज आला आणि त्यामागोमाग रंगारी. संस्थेतल्या झाडून सगळ्या भिंती, दारे, कठडे आणि बाके गेली पंधरा वर्षे त्याच्याच हातची होती. लोक त्याला हाक मारायच्या ऐवजी त्याची शीळ ऐकून शोधत. "बघितलात कसा केलाय? सुट्टीत उरकून टाकला. आधीचा काय तो, आजाऱ्याच्या तोंडासारखा. आता कसा, हात फिरवला तर घसरतो!"

"रंग कुठला हा?"

"पांढरा."

"पांढरा कुठला?"

"पांढऱ्यात काय कुठला असतो, ताई?" मग तिचा चेहरा पाहून तो जरा सावरला. "नेहमीचा तो बिनचकाकीचा डबा तळाला गेला होता. भांडारात विचारलं, ते म्हणाले पांढरा म्हणजे पांढरा, काय फेशियल करायचंय का पडद्याला? मग स्वयंपाकघरांसाठी आणलेला होता तो मारला. धुता येतो हा. ओल्या फडक्यानं पुसला की झालं."

तिने पर्समधून काळसर पारदर्शक पट्टीचा तुकडा काढला. काडेपेटीएवढा, कडा झिजलेला. एका दिशेचा उजेड तेवढा आत घेणारा. तो तिने डोळ्यासमोर धरला आणि सावकाश फिरवला. पडद्यावरची झळाळी कमी कमी होत विझली. पाव वळसा आणखी, आणि ती परत आली.

तिने तो तुकडा खाली घेतला, पुसला, पुन्हा धरला. काही बदलले नाही.

"मला बघू," रंगारी म्हणाला. एक डोळा मिटून त्याने तो फिरवला. "अरेच्चा! ही जाते कुठे? आली... गेली... आली! ताई, हे तर डोळा मारतंय!"

"हं."

"म्हणजे खराब झाला का पडदा?"

"गुळगुळीत झाला. गुळगुळीत पृष्ठभागावरून तिरका उजेड आला की तो एका दिशेनं हलतो. खडबडीतावरून आला की कसाही."

रंगाऱ्याने तुकडा तिच्या हातात परत ठेवला, एखादी गरम वस्तू ठेवावी तसा. "सरांचा तारा याच पडद्यावर मोजला, नाही का? घाईबुवा मिठाई वाटायच्या गोष्टी करत होते काल. माझ्या ब्रशानं घात केला का?"

"नाही," ती म्हणाली, आणि हे खरे होते म्हणून तिला ते म्हणताना अधिक थकल्यासारखे झाले. "तुम्ही नुसताच रंग दिलात. मी रोजच्यासारखं काम केलं असतं तर तुमच्या रंगानं काहीसुद्धा झालं नसतं. मी जास्तीची काळजी घेतली."

तो थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिला. "आमच्यात पण असंच," तो म्हणाला. "दोन हात पुरतात. तिसरा हात हौसेचा असतो. आणि पोपडा येतो तो तिसऱ्यालाच."

दुपारभर ती संगणकासमोर बसली. करायचे फारसे नव्हते. आठ चित्रे आठ ठिकाणी वापरण्याऐवजी त्यांचे मिळून एक करायचे, तेच सगळीकडे वापरायचे, आणि संगणकाला पुन्हा पहिल्यापासून मोजू द्यायचे. टेबलावर खिडकीच्या गजांमधून उन्हाचा तुकडा आला, तिच्या मनगटावरून सरकला, भिंतीवर चढला. शेजारच्या खोलीत कोणीतरी फोनवर एकाच वाक्याला पुन्हा पुन्हा हो म्हणत होते.

मनात नको ते आलेच. सही करून टाकली असती तर? आठ चित्रे घेतली हे वहीत लिहिलेले आहे, पण वही वाचतो कोण? तीच. पडदा चकाकतो हे रंगाऱ्याला कळले आहे, पण त्याचा अर्थ त्याला कोण विचारणार? दहा वर्षांनी दुसरे कोणी, अधिक मोठ्या दुर्बिणीने, हाच तारा मोजील आणि त्याचा आकडा सतरा येईलही. दादाचे गणित खरे असेल तर यायलाच हवा. मग तिने केलेले खोटे म्हणजे काय ठरले असते? नुसती घाई. खऱ्याच्या आधी निघालेले खरे.

तिला स्वतःचेच हसू आले नाही, एवढी ती दमलेली होती.

चार वाजता आकडा आला. पडद्याचे उसने कंपन जवळजवळ ताऱ्याच्याच दिशेला पडले होते. ते निघून गेल्यावर सतराचे दहा झाले होते. दहा, अधिक-उणे तीन.

तिने पुन्हा मोजायला लावले. दहा. मग रीत बदलून, दहा रात्रींपैकी एकेक रात्र वगळून. नऊ, अकरा, दहा, दहा, नऊ. ढीगभर कागदांतून तोच एक आकडा, दारात उभ्या राहिलेल्या आणि आत या म्हटले तरी न येणाऱ्या पाहुण्यासारखा. रिकाम्या जागेची हद्द नऊवर संपत होती. दहा म्हणजे हद्दीवर. दहा म्हणजे पोकळी जिवंत आहे असेही नाही, मेलेली आहे असेही नाही.

त्या संध्याकाळी फाटकापर्यंत ती एकटीच चालत गेली. दादा लवकर निघून गेला होता.

ती राहायची दादाच्याच घराच्या वरच्या मजल्यावर, आणि जेवायला खाली. दादा आतल्या खोलीत पुस्तके खोक्यांत भरत होता. दर थोड्या वेळाने चिकटपट्टी ओरबाडल्याचा आवाज येई. वहिनी टेबलाशी बसून शेंगा सोलत होती. तिने खुर्ची पायाने पुढे लोटली.

"बसा, वन्सं."

वहिनी तिला वन्सं म्हणायची ती दोनच वेळा, थट्टेत किंवा रागात. आज कुठली ते कळेना.

"सही केली नाहीस म्हणे."

"दादानं सांगितलं?"

"त्यानं नाही. घाईबुवाचा फोन आला होता. म्हणाला, ताईंना जरा समजवा. मी म्हटलं, बाबा रे, मी तिला भाजीत मीठ कमी घाल एवढंसुद्धा समजावू शकले नाही आजवर." वहिनीने शेंगेची साल भांड्यात टाकली. "काय आहे ते मला कळणार नाही, सांगू नकोस. एक सांगू?"

"सांग."

"लग्न करून या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, दोघंच आहोत आणि एक नणंद. नंतर कळलं की तिसराही आहे. तो तारा. जेवताना तो, झोपताना तो. पोरांच्या तापात तो. कुठं गावाला निघालो तर खिडकीच्या जागेवर तो. तीस वर्षं मी त्या मेल्याला पोसलाय, ठके. आता त्याला घराबाहेर काढ. खरा ठरव, खोटा ठरव, पण काढ. हा माणूस निवृत्त होऊन घरी येणार, तो एकटा येऊ दे."

आतून चिकटपट्टीचा आवाज आला आणि अर्ध्यावरच थांबला.

"खोटा ठरला तरी चालेल?" तिने हळू विचारले.

वहिनीचे हात थांबले. तिने एकवार आतल्या दाराकडे पाहिले. "मला चालेल," ती म्हणाली. "त्याचं मला विचारू नकोस."

पण तिच्या हाती जे होते ते खरे नव्हते आणि खोटेही नव्हते. आजाऱ्याला धड बरा म्हणून घरी सोडत नाहीत आणि धड आशा नाही असेही सांगत नाहीत, तसे काहीतरी होते. ती शेंगा सोलू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने संस्थेतल्या दादाच्या खोलीचे दार वाजवले. कपाटे निम्मी रिकामी झाली होती आणि पुस्तकांच्या जागी भिंतीवर त्यांच्या उंचीचे फिकट चौकोन उरले होते. तिने एक कागद आणि वही टेबलावर ठेवली आणि सगळे सांगितले: पडदा, रंग, आठ चित्रे. सांगताना तिने एकही शब्द मऊ केला नाही. सवयच नव्हती.

दादाने चष्मा कपाळावर चढवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. मग पेन्सिल घेतली आणि कोपऱ्यात, बारीक अक्षरात, स्वतः वजाबाकी केली. तिला लहानपण आठवले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो तिचे गणित असेच तपासायचा. उत्तर बरोबर असले तरी पेन्सिल चालवूनच पुढे जायचा.

"दहा," तो म्हणाला.

"अधिक-उणे तीन."

"नऊच्या वर आहे."

"आहे. पण सातही असू शकतं."

"तेराही."

"तेराही."

"आणि यंत्र उतरवणार पुढच्या आठवड्यात."

"हो."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. ती गडगडत टेबलाच्या कडेला गेली. दोघांनीही तिच्याकडे पाहिले, कोणी धरली नाही. ती खाली पडली.

"निरोपाच्या भाषणात काय सांगू मग? बंधुभगिनींनो, आयुष्यभर शोधलं, पोकळीत काही आहे की नाही ते नक्की नाही?"

"तसंच सांग."

"आणि घाईबुवाला कोण सांगणार?"

"मी अर्धं सांगते. उरलेलं तो स्वतःच पुरं करील."

तो हसला. खरोखर हसला, आणि हसताना त्याचे डोळे भरले, ते त्याने चष्मा खाली ओढून झाकले. मग वही आपल्याकडे वळवून त्याने ती नोंद वाचली. तिने ती सकाळीच, घरून निघण्यापूर्वी, शाईने लिहिली होती. सहीच्या चौकोनात तिरपी रेघ, आणि खाली: *पडद्याला चकाकी होती. चित्रे कोनागणिक घेतली, ती घ्यायला नको होती. आकडा दहा. चूक माझी.*

"आठ चित्रं घ्यायला कोणी सांगितलं होतं?" त्याने विचारले. आवाजात राग नव्हता. शाळेतल्या मुलीला चुकलेली पायरी विचारावी, तसे.

"कोणी नाही."

"दुसऱ्या कुठल्या ताऱ्याला घेतली होतीस?"

"नाही."

"मग?"

ती खिडकीबाहेर पाहत होती. कापलेल्या गवताचे ढीग सुकून पिवळे पडू लागले होते. "तुझा तारा होता," ती म्हणाली.

व्हरांड्यातून कोणाची तरी शीळ आली आणि जिन्यावरून खाली गेली. दादा वाकला, पेन्सिल उचलली, तिचे मोडलेले टोक अंगठ्याने चाचपले.

"ठके," तो म्हणाला.

एकवीस वर्षांत फाटकाच्या आत ही हाक पहिल्यांदाच आली होती. तिने मान वळवली.

"खरं सांगशील? तू एवढी वर्षं शून्यं मोजलीस. मी पोकळीबद्दल बोलत असायचो, जेवताना, चालताना, आणि तू ऐकून घ्यायचीस, हो म्हणायची नाहीस, नाही म्हणायची नाहीस. मला वाटायचं, सही हिची आहे, हिनं मत द्यायचं नसतं, म्हणून गप्प राहते. आता सहीचं काही उरलं नाही." तो थांबला. पेन्सिलीचे मोडके टोक त्याच्या अंगठ्याला लागून काळे झाले होते. "तुला ते खरं वाटायचं का? तिथं काहीतरी आहे, असं तुला कधी वाटलं होतं का?"

जे मोजले नव्हते ते सांगायची तिला सवय नव्हती; तिने वही मिटली. बांधणी सैल झालेली होती, म्हणून ती नेहमीसारखी दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरली, पेन खिशाला लावले, आणि रिकाम्या कपाटांमधून वाट काढत ती दाराबाहेर पडली.